अश्विनीनं रंगवलेले सर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या. कारणं द्यायला लागलो की सवयीनं सजवून सांगेन.

सोलापुरात एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो. समाजाकडे बघायचे तीन मुख्य दृष्टिकोन मुलांकडून नाटुकली बसवून शिकवायचे, ही माझी पद्धत. एक गट प्रकार्यवाद करतो — लग्नघरात जो तो आपलं काम करतो आणि घर चालतं. दुसरा संघर्षवाद — चादरीच्या कारखान्यातले मालक आणि कामगार. तिसरा आंतरक्रियावाद, म्हणजे बारीकसारीक हावभावांतून माणसं एकमेकांची पायरी कशी ठरवतात, ते.

त्या वर्षी तिसरा गट अश्विनीचा होता. सांगोल्याकडची, वडील मेंढरं राखणारे, हॉस्टेलवर राहणारी. शेवटच्या वर्षाला समाजशास्त्रच घ्यायचं, पुढं एम.ए. करायचं, असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी नुसतं "बघू" म्हणालो होतो.

नाटुकल्यात तिनं मलाच उभं केलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशाला दोन पेनं. मुलं वह्या तपासायला आणत होती. काहींची वही ती हसून हातात घेई, वडिलांची चौकशी करी. काहींना वर न बघताच म्हणे, "ठेव तिथं टेबलावर." कुणाला काय, हे ओळखायला वर्गाला वेळ लागला नाही. शहरातली, ओळखीच्या घरांतली एकीकडे. वाड्यावस्त्यांवरून आलेली, आडनाव ऐकताच मी मनातून बाजूला सारलेली, दुसरीकडे. आधी हशा पिकला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला हे माहीत नव्हतं म्हणू? वही घेणारा हात माझा — आणि मलाच माहीत नव्हतं? मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात. आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि लाजेपेक्षा राग मोठा होता. एवढीशी पोर, आणि मला दाखवते?

नाटुकल्याला गुण असतात, पास व्हायला वीसपैकी आठ लागतात. मी तिला पाच दिले. शेरा मारला — विषयाला धरून नाही.

दुसऱ्या दिवशी ती केबिनच्या दारात आली. "सर, कुटं चुकलं तेवढं सांगा की. मी परत करते."

"तुला थिअरीच कळलेली नाही," मी म्हणालो. ती मान हलवून गेली. शेवटच्या वर्षाला तिनं भूगोल घेतला.

इथंच थांबलो असतो तरी — पण नाटुकलं फर्मास होतं हो! पुढच्या वर्षी मी तेच नव्या मुलांकडून करून घेतलं. बघायला आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, कल्पना कुणाची? माझी, म्हणालो. आता मागं कसं फिरायचं? दरवर्षी तेच मागतात. दरवर्षी पहिल्या रांगेत बसून मी मलाच बघतो आणि सगळ्यांबरोबर हसतो. वह्या आता सगळ्यांच्याच हातात घेतो. कुणी बघतंय का, ते आधी बघतो.

अश्विनीला थिअरी कळली होती. त्या वर्गात तिच्याइतकी कुणालाच कळली नव्हती. ती दारात उभी होती, तेव्हाही मला हे माहीत होतं.