मधाच्या रंगाचे बुश

१९७३, डिसेंबरातला शनिवार. मोटारीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे सहा बुश बदलायचे होते आणि संध्याकाळच्या आत गाडी चाकांवर उभी करायची होती. रविवारी सकाळी तीन टोपल्या अंडी नगरला पोचवायची होती, नेवाशाकडच्या आमच्या गावाहून. एका वसतिगृहाची खानावळ माझ्याकडून अंडी घेई. तिथल्या व्यवस्थापकांनी गेल्या खेपेलाच मला सांगितलं होतं, "बाई, मी अंडी मागवतो, पिवळा बलक नाही. येत्या रविवारी पुन्हा असंच झालं तर दुसरा माणूस बघतो."

त्यांचं चुकत नव्हतं. दर खेपेला पाऊण शेकडा अंडी फुटत. मी आधी टोपल्यांना दोष दिला, मग भुशाला, मग रस्त्याला. शेवटी आमचे हे गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बुश संपलेत."

हे सतरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात होते. पेन्शनीत आले ते लिलावातली एक जुनी विलायती मोटार घेऊनच. ती चालवायला त्यांनी मला शिकवलं, कारण कोंबड्या माझ्या होत्या आणि अंडी घेऊन फिरणं त्यांना शोभत नव्हतं. बुश म्हणजे पाट्याच्या टोकाच्या कडीत बसणारं रबराचं जाड नळकं. त्याच्या मधून बोल्ट जातो. ते झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं आणि गाडीची मागची बाजू चालता चालता झोके घेते. माणसाला त्याची सवय होते, अंड्याला होत नाही.

त्या गाडीचे रबरी बुश नगरात कुठे मिळेनात. टायरचे तुकडे कापून यांनी दोनदा बसवले, दोन्ही वेळा ते पंधरा दिवसांत चेचले. मग यांच्या ओळखीचा एक लेथवाला म्हणाला, "पुण्याच्या कारखान्यातून एक दांडा आलाय माझ्याकडं. पॉलियुरेथेन म्हणत्यात. रबरापरीस चिवट."

"पोळी कसली?" मी विचारलं.

"खायची न्हाई वहिनी, गाडीत घालायची."

दांडा मनगटाएवढा जाड होता, मधाच्या रंगाचा, धरून बघितला तर पलीकडचा उजेड दिसेल असा. लेथवर चढवला तर हत्यार लागताच तो दबे आणि कापायचं नावच घेईना. लेथवाल्यानं तीनदा शिवी गिळली, माझ्याकडे बघून. मग बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला आणि दांडा त्यात पुरून ठेवला. "गार केलं की गप बसतंय," तो म्हणाला. बसलंही. सहा बुश कापून होईपर्यंत मी घमेल्यातला बर्फ राखत बसले आणि त्यातला थोडा पाण्यात घालून प्यायले.

तर शनिवारी सकाळी ते सहा बुश ओसरीवर मांडले. सासूबाई येऊन बघून गेल्या. आमच्याकडे शनिवारी लोखंड आणि तेल विकत आणत नाहीत. शिंगणापूर काही लांब नाही.

"हे लोखंड हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही आत्याबाई. प्लॅस्टिकच्या जातीचं आहे. आणि आणलंय गुरुवारी."

"मग शनीला काय त्याचं," म्हणून त्या माळ ओढत आत गेल्या. माळकरी असल्यानं अंड्यांकडे बघायच्या नाहीत, पण कुठली कोंबडी खुडूक होऊन अंडी द्यायची थांबली हे त्यांना माझ्याआधी कळे.

गाडी जॅकवर घेतली, खाली दगड लावले. जुनं रबर शिळ्या भाकरीसारखं तुकडे पडत निघालं. मी कड्या घासून पुसून कोरड्या केल्या, यांनी लाकडी ठोकळा ठेवून नवे बुश ठोकले. मी हातात तेलाची बाटली घेतली तर यांनी ती काढून घेतली.

"रबराला तेल म्हंजे इख. सतरा वर्षांत येकदा बी लावलं न्हाई."

दुपारी तीनला बोल्ट आवळून झाले. मी गाडी बाहेर काढली आणि वेशीपर्यंत नेली. झोके साफ गेले होते. पण प्रत्येक खड्ड्याला मागून असा आवाज निघे, की पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"वहिनी, गाडीत शेळी कोंबलीय का?"

"शेळी कुठली, गाडीच व्यायला झालीय!"

परत येऊन अंगणात वळले तर खुराड्यात एकच हलकल्लोळ. कोंबड्या जाळीवर आपटू लागल्या. घाबरलेली कोंबडी दोन दिवस अंडं देत नाही. म्हणजे फुटायचं थांबलं आणि घालायचंच बंद झालं, असा हिशेब होता.

"माल खोटा हाय," हे म्हणाले. "टायरचं कापून बसवतो."

"टायरचं चेचतं हे आपल्याला माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही मागून गाडी दाबा. मी खाली बघते."

मी लुगडं खोचून गाडीखाली शिरले. यांनी गाडी खालीवर केली. एक हात मी कडीवर ठेवला होता. जुनं रबर बोल्टला आणि कडीला घट्ट धरून असे आणि स्वतःच पिळवटे, म्हणून त्याला तेल नको. हे पिळवटत नव्हतं. हे जागच्या जागी फिरत होतं आणि लोखंडावर कोरडं घासत होतं.

"अहो, बैलगाडीच्या आखाला आपण काय घालतो?"

"वंगण. पर त्यो आख हाय."

"हा पण आखच आहे. फिरतोय बघा. याला रबर कुणी म्हटलं?"

बिडी पेटवून त्यांनी पुन्हा जॅक लावला, म्हणजे पटलं असं मी धरलं. पण बाटलीतलं पातळ तेल आखाला टिकत नाही, घरात घट्ट वंगण नव्हतं आणि दुकानातून आणायचं तर शनिवार.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "इकत कशाला आनता? बैलगाडीखालचं नळकं काढा की. एरंडेलाचं वंगण हाय त्यात, मीच घोटलंय."

"आत्याबाई, शनिवारी चालेल?"

"शनीला तेल लागतंच की बाई. इकत आनू नये, येवढंच."

बैलगाडीच्या साटीखाली टांगलेलं बांबूचं नळकं यांनी सोडवलं. सहाही बुश पुन्हा काढले, आतून-बाहेरून काळं वंगण चोपडलं, पुन्हा बसवले. दिवेलागणीला गाडी खाली उतरली. यांनी मागच्या बाजूला धरून तिला चांगली दहा वेळा दाबलं. आवाज आला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे आमच्या वर्कशॉपात बी कुनाला ठावं नसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला उठले. टोपल्यांत भुसा घातला, अंडी रचली, वर पोती बांधली आणि निघाले. गाडी पहिल्यापेक्षा ताठ चालत होती, बारीक खडा लागला तरी कमरेला कळत होता. पण मागची बाजू माझ्याबरोबर सरळ येत होती. वसतिगृहात व्यवस्थापकांनी तिन्ही टोपल्या स्वतःच्या हातांनी रिकाम्या केल्या. चार अंडी फुटलेली निघाली. त्यांनी भुसा झटकून टोपल्या मला परत दिल्या आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी चार टोपल्या आणा." मी नगरात चौथी टोपली विकत घेतली आणि परतीला लागले.