तात्यांच्या हाताजोगा नळ

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासमोरच पान्हा काढला आणि स्वयंपाकघरातला नळ त्या पान्ह्यानं उघडला. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून कोऱ्हाळ्याच्या घरातले नळ दगडासारखे झाले होते, हे खरं. पण तात्यांच्या अंगठ्यातला जोरही गेला होता. साखर कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून वाफेचे व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस, आणि भातात पाणी घालायला पान्हा शोधतो! मला रडूच आलं. त्याच संध्याकाळी मी पुण्याला दादाला फोन करून सगळं सांगून टाकलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याला निमित्तच हवं होतं. "बास झालं. आई गेल्यापासून एकटे राहतायत. आज नळ उघडत नाही, उद्या गॅस बंद करता येणार नाही. दिवाळीत येतो आणि घेऊनच जातो त्यांना. घराला कुलूप." तात्यांना पुण्याचा फ्लॅट म्हणजे शिक्षा. दोनदा गेले, दोन्ही वेळा चौथ्या दिवशी एसटीत बसून परत आले. या वेळी परत यायला घरच उघडं राहणार नव्हतं, आणि ही आग मी लावली होती.

लावली तर लावली, विझवायचीही मीच. मी इंदापूरला शाळेत शिकवते. चाळीस पोरं सांभाळणारीला एक म्हातारा सांभाळता येणार नाही होय? दर रविवारी बारामतीला गाडी बदलून कोऱ्हाळ्याला जायला लागले. पिंप, हंडे, पातेली, सगळी आठवड्यासाठी भरून ठेवायची. पण ते काही खरं नव्हतं. नळच बदलायचा, दादा आला की तात्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हातानं पाणी काढून चहा करायचा, आणि विषय संपवायचा, असं मी ठरवलं.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी तात्यांना बारामतीच्या दुकानात नेलं. भिंतभर फळ्यांवर नळच नळ. शेठनी आधी काळा नळ पुढं केला. "मॅडम, सध्या हाच चालतो."

"आमच्या पाण्यानं महिन्याभरात पांढरे ओघळ येतील त्याच्यावर. पुढचा दाखवा."

मग फवाऱ्याचा दाखवला. म्हटलं, जाळी क्षारानं बुजणार, तोही नको. मला नळांतलं कळतं असा माझा समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. शेवटी एक पसंत केला. उंच मान, वर इवलीशी चकचकीत दांडी, बोटानं उचलली की पाणी.

तात्या मात्र एकेक नळ हातात घेऊन वजन बघत होते, भाजीवाल्यापुढं भोपळा निवडावा तसे. त्यांनी जाड पितळेचा, गोल मुठीचा, आट्यांवर फेरे घेत फिरणारा नळ काढला. घरात होता तस्साच!

"तात्या, हा नको. दांडीचा घेऊ."

"दांडीचा न्हाय. पाव फेऱ्यात बंद होतो त्यो. लाइन एकदम बंद केली का पानी आदळून पाइप ठोकतो, सांधे सुटत्यात. हळूहळू बंद व्हाया पायजे."

"अहो, वर प्लॅस्टिकची टाकी आणि खाली खरकटी भांडी! बॉयलर आहे का तो?"

शेठ हसले. तिथंच बिनसलं. तात्या नाकावर माशी बसू देत नाहीत. "फिटर कोन, तू का मी? ह्यो बघ कसा हलका फिरतोय."

"कोरड्यावर सगळेच हलके फिरतात. क्षार बसला की पुन्हा पान्हा!"

"मग पान्ह्यानं उघडीन. माझा पान्हा, माझा नळ."

माझं डोकंच फिरलं. "उघडा पान्ह्यानं, आणि दादा घराला कुलूप लावेल! तुमच्या हातात जोर नाही राहिला, तात्या. आणि दादाला ते मीच सांगितलंय. झालं?"

दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. स्वतःची जीभ हासडून टाकावी असं मला वाटलं. तात्या शांतपणे म्हणाले, "म्हाईत हाय मला. त्येला पुण्यात बसून सपान पडलं व्हय?"

त्यांनी पितळी नळ खाली ठेवला. मी निवडलेल्या नळाच्या दांडीखाली अंगठा घातला. तो निसटला. परत घातला, परत निसटला. "हिला बोटं लागत्यात," एवढंच बोलले. मग खालच्या फळीवर धूळ खात पडलेला एक नळ त्यांनी उचलला. दवाखान्यात डॉक्टर कोपरानं उघडतात तसला, वीतभर दांडीचा. मनगटानं दांडी ढकलली, पुढं, मागं.

"दांडी लांब, तेवढा जोर कमी. आन् मी सावकाश बंद केला तर ठोकतोय कशाला?"

"आजोबा, हा घरात कुणी लावत नाही," शेठ म्हणाले.

"आता लावतील."

दिसायला तो नळ अगदी ओबडधोबड होता. पण तात्यांचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. हे वाक्य मी सहसा बोलत नाही.

प्लंबर बोलवू म्हटलं तर फिटरच्या घरात प्लंबर कशाला, म्हणून माझ्यावरच ओरडले. मग ते स्टुलावर बसले आणि मी सिंकशी. "आधी टाकीचा कॉक बंद कर. टेप आट्यांवर गुंडाळ. अगं उलटी न्हाय, सुलटी! मास्तरीण कुणी केली तुला?" तीन वेळा नळ गळला, तीन वेळा मी न्हाले. चौथ्यांदा एक थेंब पडला नाही.

भाऊबीजेला दादा आला. तात्यांनी पातेलं नळाखाली धरलं, मनगटानं दांडी ढकलली, चहा ठेवला. दादानं स्वतः उठून नळ चारदा उघडला, चारदा बंद केला. खोड काही सापडली नाही. "बसवला कुणी?"

"आमी," तात्या म्हणाले.

दादानं चहा संपवला. जाताना गाडीपाशी मला म्हणाला, "राहू देत त्यांना इथंच." मी जिंकले होते. इतका आनंद मला माझ्या बदलीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

संध्याकाळी तात्या मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. उसाचे ट्रॅक्टर जात होते म्हणून दोघं जरा बाजूला उभे राहिलो.

"आता पानी माझं मी काढतो," ते म्हणाले.

"काढताच की!"

"भरून ठेवायची गरज न्हाय."

"अजिबात नाही," मी तोऱ्यात म्हणाले.

तात्या रस्त्याकडं बघत होते. "मग फुडल्या रविवारी कशाला येशील?"

कुलपाच्या धास्तीत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"भांडायला," मी म्हणाले.

"मग लवकरची गाडी धर," तात्या म्हणाले.