रविवारची कात्री

माझ्या पत्नीला तुळशीने मारलेले नाही.

हे लिहावे लागते, कारण अकरा दिवसांपूर्वी, तिथीप्रमाणे झालेल्या शालिनीच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत शेजारच्या विमलताई म्हणाल्या, "रविवारी तुळशीले कात्री लावली तिनं. भोवलंच मंग शेवटी."

पानावर बसलेल्या पाहुण्याला उत्तर देऊ नये. म्हणून मी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

येथे पंगत नाही.

तिच्या शेवटच्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीतल्या तुळशींवर काळे डाग पडले. बुरशीचा रोग. पाने पिवळी पडून गळू लागली.

शालिनीने कारण शोधले. अंघोळ झाली की आपण तांब्याभर पाणी तुळशीच्या डोक्यावरून ओततो. वरून पाऊस. पाने दिवसभर ओली. बुरशीला आणखी काय हवे?

तिने डागाळलेली पाने कापली, गळालेली वेचली, सारी पिशवीत बांधून टाकून दिली. दाट फांद्या विरळ केल्या. कडुनिंबाचे तेल फवारले. पण तो दुय्यम उपाय, असे ती बजावत असे. मुख्य उपाय एकच: पाणी बुडाशी, पान कोरडे.

विमलताई कंपाउंडच्या भिंतीवरून पाहत होत्या.

"काहून वं शालू, रविवारी तुळस कापून राहिली? पाप लागते!"

"बुरशीले रविवारची सुट्टी नसते, ताई."

"अन् पाणी खालून? देवाले काय नुसते पाय धुऊन अंघोळ घालतात का?"

"तुम्ही रोज डोक्यावरून घालून राहिल्या, म्हणूनच तिले सर्दी झाली!"

विमलताईंनाही हसू आवरले नव्हते. हे त्या आता विसरल्या.

शालिनी हिवाळ्यात गेली. हृदयविकार. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तो तुळशीवर पहिला डाग पडण्याच्या कितीतरी आधी सांगितला होता. कारण आधीचे, कात्री नंतरची. शिवाय एकामागून दुसरे घडले, म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे सिद्ध होत नाही.

ती गेली तो वारही रविवारच.

मुखात ठेवायला तुळशीपत्र हवे होते. कॉलनीतल्या तुळशींच्या काड्या झाल्या होत्या. हिरवे, स्वच्छ पान होते ते फक्त आमच्या कुंडीत.

ते तोडून आणले विमलताईंनी. रडत. वार न पाहता.

त्यांनी योग्य तेच केले. पण मग मृताच्या मुखासाठी रविवारी पान तोडणे हा धर्म, आणि जिवंत तुळस वाचवण्यासाठी तोडणे हे पाप, हे कसे?

विमलताईंना काही भोवले नाही. भोवू नयेच. त्यांना दीर्घायुष्य लाभो. माझ्या युक्तिवादाला त्यांची गरज आहे.

काल रविवार होता. खालच्या फांदीवर एक डाग दिसला.

विमलताई भिंतीपाशी उभ्या होत्या. मी कात्री स्पिरिटने पुसली आणि त्यांच्यादेखत ते पान कापले.

आज तारखेप्रमाणे तुला जाऊन वर्ष झाले, शालिनी.

तुझ्यावरचा आरोप या घराला अमान्य आहे.

पाणी बुडाशीच घातले आहे. पाने कोरडी आहेत.

आदरपूर्वक निरोप.