एका ओळीतलं जाड-बारीक

रशीदचाचा गेल्याचा फोन आला, त्याच्या आदल्याच दिवशी मी त्यांना म्हणाले होते, "पुढच्या आठवड्यात नक्की, चाचा." आता कुठला पुढचा आठवडा...

चाचा म्हणजे पाटसचे बोर्ड रंगवणारे पेंटर. हात थरथरायला लागला तसा ब्रश सुटला, पण नजर तशीच धारदार. मी खुटबावात बसून पुण्यातल्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. चाचांना स्क्रीनवर बोर्ड, पत्रिका करता याव्यात म्हणून मी हौसेनं एक प्रोग्राम करायला घेतला. जावास्क्रिप्टमध्ये चित्रं काढायची लायब्ररी, म्हणजे आयता तयार कोड, होती, पण ती मेली अख्खी ओळ एकाच रंगात, एकाच जाडीत लिहायची. चाचांना एकाच ओळीत नाव जाड, गाव बारीक, 'यांचे' त्याहून बारीक हवं. मी ओळीचे तुकडे करून अंदाजानं शेजारी शेजारी ठेवले, तर नवरदेवाचं आडनाव त्याच्या गावाच्या, वडगाव रासाईच्या, डोक्यावर चढलं. चाचा खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी दोरा काढून प्रत्येक शब्दाचं माप कसं घ्यायचं, एक संपला की तिथूनच दुसरा कसा धरायचा, ते दाखवलं.

"पोरी, आधी माप, मंग रंग."

लायब्ररीत प्रत्येक तुकड्याची रुंदी मोजायची सोय होती, हे मला ठाऊक होतं. बसून करायचं तेवढं बाकी होतं. दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांचा फोन यायचा. आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे, मग उगाच पाऊसपाण्याचं काढायचे... प्रोग्रामचं कधी विचारलं नाही. कशाची वाट बघतायत ते मला कळायचं, तरी मी आज करते, उद्या करते करत राहिले. ते गेल्यावर बसले, तर दोन दुपारींत झालं. आठ महिने मी त्या माणसाला नुसतं आशेवर ठेवलं. याची लाज अजून जात नाही.

चाळिसाव्या दिवसाची पत्रिका चाचींनी मलाच करायला सांगितली. 'मरहूम', म्हणजे दिवंगत, हे बारीक, नाव जाड आणि हिरवं, 'पेंटर' तिरकं, सगळं एका ओळीत नीट बसलं. चाचींना वाचता येत नाही. यातलं चाचांचं नाव कुठलं, म्हणून विचारलं. मी बोट ठेवलं.

"येवढं मोठं? बारीक कर गं. जल्मभर लोकांची नावं मोठी केली त्यांनी. सोताचं कायम खाली कोपऱ्यात, नखायेवढं."

मी नाव बारीक केलं. तसे शेजारचे शब्द आपोआप सरकले आणि चाचांच्या नावाची रिकामी झालेली जागा भरून गेली. मला ते बघवलं नाही.