बैल बडवणारे दगडूमामा

दगडूमामा आधी बैलाच्या कानात म्हणत, "मरत न्हाईस बाबा, माफ कर," आणि मग त्याचे वृषण दोन दांडक्यांत धरून ठेचत. गुरांच्या दवाखान्यात खच्चीकरणाचा चिमटा आला तरी लातूर-मुरुडकडची जुनी माणसं गोऱ्हा बडवायला मामांनाच बोलवत. चार गडी पाय आवळून धरत आणि मी, त्यांचा भाचा, बैलाचे डोळे तळहातांनी झाकून बसे. त्या हंबरण्याने बाया दारं लावून घेत. झालं की मामा हळद-तेल लावून गूळ चारत.

माणसांवरही त्यांचा हात असाच चाले. बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याचे पुढचे दोन दात त्यांनी पाडले. मामीने तर जन्मभर मार खाल्ला. बैलाची माफी मागणाऱ्या या माणसाने तिची कधी मागितली नाही, याची मला फार चीड येई. तरी मामांवर माझा जीव होता, हेही खरं.

साठी उलटली आणि त्यांची लघवी अडली, पाठ धरली. लातूरचे डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय. पुरुषी हार्मोनवर तो पोसतो. वृषण काढले की त्याचं खाणं तुटेल. सुयाही आहेत, पण त्या चुकवून चालत नाही आणि तुम्ही तर साध्या तपासणीलाही येत नाही."

मामांनी त्यांची गचांडी धरली. "मला बडवाया निघालास व्हय?" मी मध्ये पडलो, तर माझाच ओठ फुटला.

दोन महिने मामा घरात कळांनी ओरडत राहिले, अंथरुणाची वाकळ दातांनी फाडत राहिले. एक दिवस मामी म्हणाली, "हजार बैलांच्या कानात सांगितलंत, मरत न्हाईस म्हणून. एकदा सोताच्याबी कानात सांगा." मामांनी हात उगारला. तो न मारताच खाली आला.

ऑपरेशनला भूल कमरेखालीच द्यायची होती, मामा जागे राहणार होते. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी त्यांनी माझं मनगट पकडलं. "आत ये. डोळ्यावर हात ठेव." मला आत सोडेनात. तेव्हा मामी पुढे झाली, तिने त्यांचे डोळे तळहाताने झाकले आणि कानाशी वाकली. "मरत न्हाई तुम्ही. माफ करा."

मामांनी तिचा हात डोळ्यांवर दाबून धरला. "तू कर," म्हणाले. "तू माफ कर मला."

त्यानंतर मामा चार वर्षं जगले. कुणावर हात उचलला नाही. हार्मोन उतरलं की माणूस थोडा निवतो, असं डॉक्टर म्हणत. मामी ऐकून घेई आणि नंतर मला सांगे, "ते दारातच निवले होते."