दाराबाहेरचे बूट

टीव्हीसाठी आम्ही नागपुरात खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांमागे आठवडाभर कॅमेरा घेऊन हिंडलो. त्यातला पोट सुटलेला एक जमादार पडद्यावर शोभेल असा मुळीच नव्हता.

लकडगंजात एका म्हातारीला तिच्या मुलाचा खून झाल्याचं सांगायचं होतं. जमादाराने बूट दाराबाहेर काढले. आम्ही बुटांसकट आत घुसलो. त्याने पाणी मागितलं आणि पेला तिच्याच हातात दिला. "माय, अगोदर तू पी." मग सांगितलं.

नेमकं तेव्हाच माझ्या कॅमेऱ्यातलं रीळ अडकलं. आमचे दिग्दर्शक म्हणाले, "पुन्हा घेऊ."

जमादार हळूच म्हणाला, "साहेब, तिचा पोरगा दुसऱ्यांदा मारू काय?"

मी कॅमेरा बाहेर नेऊन ठेवला. त्याच्या बुटांशेजारी माझे बूट काढले आणि आत जाऊन म्हातारीजवळ बसलो.