दाढीवाला नवरदेव आणि आम्ही दोघं गुळगुळीत

मंडळी, आज भडगावला मामेभावाच्या साखरपुड्याला जाऊन आलो. अजून जळतोय.

अंगठी त्याच्या बोटात गेली, पण सगळ्यांचं लक्ष त्याच्या दाढीवर. काय दाढी! काळीभोर, काठ आखून घेतलेले. मावशी म्हणाली, "किती रुबाबदार दिसतोय!" मग माझ्याकडे वळून, "तू अजून कॉलेजातच का रे?"

मी एकतीस वर्षांचा आहे. रोज हनुवटीला तेल चोळतो, तरी मोजके चार केस येतात.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या आबांनी, म्हणजे नवरदेवाच्या आजोबांच्या धाकट्या भावाने, त्याला मोठ्याने विचारलं, "काय रे भाऊ, घरमा कोन गया?"

आबांच्या काळी घरात कुणी गेलं तरच सुतकात दाढी वाढायची आणि दहाव्याला उतरायची. मला मनातून काय गार वाटलं!

नवरदेव ओशाळला. "कोनी नही आबा, फॅशन शे."

आबांनी त्याला जवळ बोलावलं. वाटलं, आता झापणार. ते तर त्या दाढीवरून हात फिरवत राहिले. तो गेल्यावर मला हळूच म्हणाले, "मालेबी आशीच ठेवानी व्हती रे. पन बाप जित्ता व्हता."

मग पंगतीत आम्ही दोघं शेजारी बसलो आणि त्याच्याकडेच बघत जेवलो.

माझी तर उगवतच नाही हो. आबांची उगवायची, आणि रोज सकाळी खरवडून टाकावी लागायची. जळायचा हक्क जास्त कुणाचा, तुम्हीच सांगा.